फाटक आणि अंगावर काढलेले दुखणे

पत्राचा सारांश : सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या एका गावाजवळ विश्वस्त संस्थेमार्फत चालणाऱ्या वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकेचे हे पत्र आहे. आश्रमात ३८ रहिवासी असून त्यांतील निम्म्यांना उठण्या-बसण्यासाठी मदत लागते. स्वयंपाक, स्वच्छता आणि शुश्रूषा मिळून ९ कर्मचारी आहेत. गेल्या जुलैमध्ये आठवडाभरात १४ रहिवासी आणि ४ कर्मचारी उलट्या-जुलाबांनी आजारी पडले आणि दोन आजी दगावल्या. आदल्या रविवारी भेटीला आलेल्या नातेवाइकांनी आणलेल्या भेळीतून हे झाले, असे विश्वस्तांचे मत आहे. म्हणून यंदा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत भेटी पूर्ण बंद ठेवाव्यात आणि जो रहिवासी आजारी पडेल त्याला बरा होईपर्यंत घरी पाठवावे, असा ठराव मेअखेरच्या बैठकीत येणार आहे. नातेवाईक नाराज आहेत आणि रहिवाशांपैकी काहींना घरच नाही. पत्रलेखिका विचारतात : "फाटक बंद करणे क्रूर आहे आणि उघडे ठेवणे धोक्याचे आहे. मी बैठकीत कोणती बाजू घ्यावी? आणि गेलेल्या आजींच्या खाटेवर अजून कोणाला घेतलेले नाही, त्याचे काय करू?"

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र चार पानांचे आहे आणि त्यातील साडेतीन पाने फाटकाविषयी आहेत. उत्तर मात्र मला तुम्ही जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यात सापडले : "स्वयंपाकघरातील एक मावशी आदल्या दिवशी पोट बिघडल्यामुळे दोनदा घरी जाऊन आली होती, हे आम्हाला नंतर कळले, खाडा धरला की दिवसाचे ३५० रुपये कापले जातात, म्हणून तिने सांगितले नाही." हे वाचल्यावर रविवारच्या भेळीवर ठपका ठेवायला माझे मन तयार होईना. साथ मावशींपासूनच आली असे मी म्हणत नाही, कारण विष्ठेचा किंवा पाण्याचा एकही नमुना तपासला गेलेला नाही आणि आता ते कळण्याचा मार्गही नाही. परंतु ज्या घरात आजारी माणसाला आजार सांगणे परवडत नाही, त्या घराचे फाटक कितीही घट्ट लावले तरी दुखणे अंगावर काढणारी माणसे फाटकाच्या आतच असतात.

विश्वस्तांच्या ठरावामागे एक गृहीतक आहे : रोग बाहेरच्यांकडून येतो आणि आतले लोक म्हणजे एक बंद कुटुंब. प्रत्यक्षात तुमचे ९ कर्मचारी रोज सकाळी बाहेरून येतात, एसटीने किंवा वडापने येतात, आपापल्या घरातील लेकरांची आजारपणे सोबत घेऊन येतात. भेटायला आलेला मुलगा व्हरांड्यात तासभर बसतो. मावशी मात्र अंघोळ घालतात, भरवतात, लंगोट बदलतात आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जातात. संसर्गाच्या दृष्टीने कोणाचा स्पर्श अधिक वेळा आणि अधिक जवळून होतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. शिवाय तुमच्या दोन मावशी दुपारनंतर गावातील एका अंथरुणाला खिळलेल्या गृहस्थांकडे जातात, असेही तुम्ही लिहिले आहे. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, किंग काउंटीतील वृद्धांच्या शुश्रूषा-केंद्रांमध्ये कोरोना पसरला, तेव्हाच्या तपासात नेमक्या याच दोन गोष्टी पुढे आल्या होत्या : कर्मचारी लक्षणे असताना कामावर येत होते आणि काही जण एकाहून अधिक केंद्रांत काम करत होते. तिथल्याच एका केंद्रात ७६ रहिवाशांची चाचणी केली असता २३ जण बाधित निघाले आणि त्यांतील १३ जणांना त्या दिवशी कोणतेही लक्षण नव्हते. म्हणजे फाटकावर तापमापी घेऊन उभा केलेला माणूस उपयोगी असला, तरी त्याच्या भरवशावर निर्धास्त झोपता येत नाही.

आता खर्चाचा हिशेब मांडू, कारण विश्वस्तांसमोर तोच मांडावा लागेल. नऊ जणांना वर्षाला प्रत्येकी पाच दिवसांची भरपगारी आजारपणाची रजा दिली, तर ३५० रुपयांप्रमाणे १५,७५० रुपये होतात. त्यांच्या जागी बदली माणूस घेतला, तर तेवढेच आणखी, म्हणजे एकूण ३१,५०० रुपये. गेल्या जुलैत सलाइन, रुग्णवाहिका आणि दवाखान्याच्या बिलांवर किती खर्च झाला, तो आकडा तुमच्या वहीत आहे; दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून बैठकीत ठेवा. "मग सगळेच पोटदुखीचे निमित्त करतील" अशी शंका कोणीतरी काढणारच. काही जण एखाद-दुसऱ्या वेळी तसे करतीलही. एवढ्या कर्मचाऱ्यांत खोट्या रजेचे चार-पाच दिवस गेले तरी ते मला स्वस्त वाटतात. या रजेला एक अट मात्र जरूर घालावी : उलट्या-जुलाब झालेल्या व्यक्तीने शेवटचा जुलाब थांबल्यापासून पूर्ण ४८ तास कामावर येऊ नये, आणि ती व्यक्ती स्वयंपाकघरातील असेल तर या अटीत कसलीही सवलत नसावी. पावसाळ्यात आश्रमांतून पसरणाऱ्या उलट्या-जुलाबांचे काही विषाणू इतके चिवट असतात की फार थोडे पोटात गेले तरी पुरतात आणि माणूस बरा वाटू लागल्यावरही ते बाहेर पडत राहतात.

लपवणारी मावशी एकटी नव्हती, हेही पाहावे लागेल. ठरावाचा दुसरा भाग, म्हणजे आजारी रहिवाशाला घरी पाठवण्याचा, मंजूर झाला तर पुढच्या दिवसापासून तुमचे आजी-आजोबा खोकला पदरात दाबतील. ज्यांना घर नाही ते घाबरून लपवतील. ज्यांचे घर आहे पण त्या घरात जागा नाही, ते लाजेने लपवतील. आणि लपवणाऱ्यांत तिसरे, रागावू नका, तुमची संस्था आहे. गेल्या वर्षी चौथ्या दिवशी तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवायला निघाला होता आणि "गावभर बोभाटा होईल" म्हणून तुम्हाला थांबवले गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण कुटुंबाच्या अडीअडचणींना शोभते, साथीला शोभत नाही. कळवले असते, तर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी विष्ठेचे आणि पाण्याचे नमुने तपासायला पाठवले असते, आणि आज तुम्ही व विश्वस्त भेळीवरून वाद घालत बसला नसता.

धाकाने आजार लपतो, हा आपल्या भागाला नवा धडा नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात सैनिकांकरवी घरझडत्या सुरू झाल्या, तेव्हा लोकांनी रुग्ण लपवायला सुरुवात केली होती. त्याच साथीत, मूळच्या सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करताना स्वतः प्लेगने आजारी पडल्या आणि १० मार्च १८९७ रोजी गेल्या. शाळेत आपण ही गोष्ट त्यागाची म्हणून शिकतो. शुश्रूषा करणाऱ्याला रोगाचा धोका सर्वांत आधी असतो, ही त्या गोष्टीतील बाजू मात्र आपण सहसा शिकवत नाही. तुमच्या मावशींच्या बाबतीत ती आठवावी, एवढ्यासाठी हा उल्लेख केला.

मग पावसाळ्यापूर्वी करायचे काय? सर्वांत आधी एक वही घाला. प्रत्येक रहिवाशाच्या नावाचे एक पान, त्यावर रोज सकाळी तापमान, जेवण किती गेले, पाणी किती प्यायले, शौच कसे झाले आणि बोलण्या-वागण्यात काही बदल आहे का, एवढेच लिहायचे. शक्य असल्यास बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडाही. हे काम कंटाळवाणे आहे, पण वृद्धांच्या बाबतीत त्याला पर्याय नाही, कारण म्हातारपणी आजार आपल्या ओळखीच्या वेशात येत नाही. तरुणाला १०२ ताप येतो, तिथे ऐंशीच्या आजींना ९९ वरच थांबतो. म्हणून एकदाच १०० फॅरनहाइटच्या वर गेलेला ताप, पुन्हा पुन्हा ९९ च्या वर जाणारा ताप, किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा दोन अंशांनी अधिक ताप, यांपैकी काहीही दिसले तरी डॉक्टरांना कळवावे. नेहमीचे तापमान किती, हे वही असल्याशिवाय कळणार कसे? आणि पुष्कळदा ताप नसतोच, आजोबा अचानक ताट बाजूला सारतात, असंबद्ध बोलतात, चालताना तोल जातो, अंथरुण ओले होते, आणि आपण म्हणतो, "आज लहर बिघडलेली दिसते." माझ्या सासूबाई दीड दिवस गप्प होत्या, तेव्हा आदल्या दिवशीच्या वादावरून रुसल्या आहेत असे मी समजले होते, त्यांना न्यूमोनिया झाला होता. आरोग्य खात्यात आयुष्य काढलेल्या बाईची ही चूक आहे, म्हणून मुद्दाम सांगते.

वहीचा दुसरा उपयोग असा, की दोन-तीन दिवसांत दोन किंवा अधिक रहिवाशांना सारखीच लक्षणे दिसली तर ती पाने शेजारी ठेवताच लक्षात येतात. त्या क्षणी साथ आली आहे असे धरून चालायचे. खात्री होईपर्यंत थांबायचे नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन, त्याच दिवशी नातेवाइकांना संदेश, आणि त्याच दिवशी आजारी व्यक्ती वेगळ्या खोलीत. ही खोली आत्ताच ठरवा : समोरासमोर खिडक्या असलेली, स्वतंत्र शौचालय असलेली, आणि शक्यतो वाटेवरची, म्हणजे आत असलेल्या माणसाला बाहेरची माणसे दिसतील. जुने सामान ठेवायची कोंदट खोली देऊ नका. त्या खोलीसाठी एकच मावशी नेमावी. माणसे कमी पडली आणि तिला दोन्हीकडे जावेच लागले, तर आधी निरोगी रहिवाशांचे काम आटोपून मग आजाऱ्यांकडे जावे, उलट कधीही नाही.

उलट्या-जुलाबांच्या साथीत सॅनिटायझरच्या बाटलीवर विसंबू नका. काही विषाणूंवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. साबण आणि वाहते पाणी हेच खरे, आणि म्हणून प्रत्येक मोरीपाशी साबण संपलेला नसणे ही कोणाची तरी नावानिशी जबाबदारी असली पाहिजे. फरशी, कड्या, खाटांचे कठडे पुसण्यासाठी ग्रामपंचायतीत मिळते ती टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर चालते. ताज्या टीसीएलमध्ये साधारण एक तृतीयांश क्लोरीन असतो, त्या हिशेबाने दहा लिटर पाण्यात ३० ग्रॅम पुरते. उलटी-जुलाब सांडलेल्या जागी आधी घाण कागदाने उचलून, मग लिटरला १५ ग्रॅम या प्रमाणात कालवलेले पाणी ओतून दहा मिनिटे तसेच राहू द्यावे. डबा उघडा राहिला तर क्लोरीन उडून जातो आणि हाती नुसती पांढरी माती उरते. शौचालय धुण्याच्या आम्लात टीसीएल कधीही मिसळू नये, त्यातून निघणारा वायू दम्याच्या माणसाला आडवा करू शकतो. पिण्याच्या पाण्यासाठी गावातील जलसुरक्षकांकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन पाहण्याची चाचणी, शिकून घ्या आणि टाकीपाशी नव्हे, तर स्वयंपाकघरातील शेवटच्या नळापाशी ती रोज करा; तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला पाहिजे. गेल्या जुलैतील पहिले पाच रुग्ण एकाच बाजूच्या खोल्यांतले होते, असे तुम्ही लिहिले आहे. त्या बाजूला पाणी कोणत्या टाकीतून येते, हे प्लंबरला घेऊन एकदा पाहाच.

दगावलेल्या दोघींविषयी तुम्ही स्वतःला दोष देता. त्यांची प्रकृती मला ठाऊक नाही, म्हणून "काहीच करता आले नसते" असे खोटे सांत्वन मी करणार नाही. पुढच्यांसाठी एवढे सांगते की वृद्धांना तहान कमी लागते आणि शरीरातील पाणी आधीच कमी असते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या जुलाबालाच ओआरएस सुरू करावे. एक पुडी एका लिटरात, चोवीस तासांत संपवायची, उरलेले ओतून द्यायचे. ज्यांना रक्तदाबाच्या, लघवी वाढवणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी जुलाब होत असताना त्या घ्याव्यात की थांबवाव्यात, आणि हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांना ओआरएस किती द्यावे, हे प्रत्येकाच्या पानावर डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. रात्री दोन वाजता ते विचारायला कोणी भेटत नाही. कोणत्या अवस्थेत १०८ ला फोन करायचा आणि मिरज किंवा सांगलीतील कोणत्या रुग्णालयात न्यायचे, हेही आधी ठरलेले असावे. कोणाला रुग्णालयात जायचेच नसेल, तर तेही त्यांच्याकडून आणि नातेवाइकांकडून शांतपणे समजून घेऊन नोंदवावे.

लशींविषयी थोडक्यात : आपल्याकडे फ्लूचा एक जोर पावसाळ्यात असतो, म्हणून त्याची वार्षिक लस मेअखेरपर्यंत टोचून झालेली बरी. न्यूमोनियाच्या लशीबद्दलही डॉक्टरांशी बोला. रहिवाशांइतकीच फ्लूची लस मावशींनाही द्या, आणि तिचा खर्च संस्थेने करावा. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या प्रत्येकाची, मग तो रहिवासी असो की कर्मचारी, सरकारी केंद्रात क्षयाची तपासणी मोफत होते. आणि खरूज निघाली तर एकट्यादुकट्याला मलम लावून भागत नाही. खाज नसलेल्यांनाही एकाच दिवशी उपचार द्यावे लागतात.

कृष्णाकाठी राहताना साथीची तयारी पुराच्या तयारीपासून वेगळी काढता येत नाही. २०१९ आणि २०२१ मध्ये तुम्हाला सर्वांना मंगल कार्यालयात हलवावे लागले होते आणि परतल्यावर महिनाभर खरूज चालली, हे तुम्हीच लिहिले आहे. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी धरतात. तुमचा आश्रम नेमक्या कोणत्या पातळीला वेढला जातो हे गावातील जुन्या माणसांना ठाऊक असते, त्याच्या आधी निघायचे ठरवा. घाईत निघालेली माणसे एकमेकांच्या अंगावर झोपतात, एकाच पंच्याला तोंड पुसतात. पंधरा दिवसांची औषधे, वही आणि प्रत्येकाची स्वतंत्र वळकटी नावासह प्लास्टिकमध्ये बांधलेली असावी. पुराच्या पाण्यात उतरलेल्या कर्मचाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस हा दूषित पाण्यातून होणारा ताप टाळण्यासाठी डॉक्टर आठवड्यातून एकदा डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक देतात. ते आपल्या मनाने सुरू करू नये, पण विचारायला विसरूही नये.

आता फाटकाकडे येते. पाच महिने भेटी बंद ठेवण्याच्या मी विरोधात आहे, आणि त्याचे कारण केवळ माया नाही. नातेवाईक हे तुमचे सर्वांत जुने आणि बिनपगारी निरीक्षक आहेत. "आई आज वेगळीच वाटते" हे त्यांच्या लक्षात तुमच्या वहीआधी येते. ज्या आजींचा मुलगा दर रविवारी येऊन त्यांना भरवतो, त्या तो न आल्यास कमी जेवतात आणि कमी जेवणारे म्हातारे शरीर आजाराला लवकर बळी पडते. म्हणून एरवी भेटी चालू असाव्यात : उघड्या व्हरांड्यात किंवा पारावर, येताना हात धुऊन, आणि सर्दी-खोकला-जुलाब असलेल्याने त्या आठवड्यात न येता फोनवर बोलावे. बाहेरचे शिजवलेले अन्न ज्याच्यासाठी आणले त्यानेच आणि तेव्हाच खावे, खोलीभर वाटू नये; पेढ्यांवरून मन दुखावेल, ते सहन करावे. प्रत्यक्ष साथ सुरू झाल्यास भेटी थोड्या दिवसांसाठी आवरत्या घ्याव्यात, तरी प्रत्येक रहिवाशामागे एका नातेवाइकाला, हात धुऊन आणि मास्क लावून, येण्याची मुभा असावी. अखेरच्या घटका मोजणाऱ्या माणसाला या नियमातूनही वगळावे. विश्वस्तांना ठराव हवाच असेल, तर भेटी केव्हा आवरायच्या, कोणी ठरवायचे आणि पुन्हा केव्हा सुरू करायच्या, असा ठराव त्यांनी करावा. शेवटच्या रुग्णाचे जुलाब थांबून किती दिवस गेल्यावर फाटक पूर्ण उघडायचे, तो आकडा आरोग्य केंद्राच्या सल्ल्याने आजच लिहून ठेवावा, नाहीतर बंद केलेले फाटक उघडायला कोणी धजत नाही.

आणखी एक. ३८ जणांच्या आयुष्याविषयी ठराव होत असताना त्यांच्यातील कोणालाही विचारलेले दिसत नाही. बैठकीपूर्वी एका संध्याकाळी त्यांना एकत्र बसवून विचारा : साथ आली तर तुम्हाला कशाची सर्वाधिक भीती वाटते? कोणाला मरणाची वाटेल, कोणाला वेगळ्या खोलीची, कोणाला सुनेच्या दारात परत जाण्याची. नियम त्याप्रमाणे बदलतात.

अशाच प्रश्नात असलेल्या इतर वाचकांसाठी, विशेषतः ज्यांचे आईवडील एखाद्या आश्रमात आहेत त्यांच्यासाठी, एक गोष्ट सांगते. आश्रम निवडताना आपण बाग आणि देवघर पाहतो. त्याबरोबर, इथल्या मावशी आजारी पडल्या तर त्यांचा पगार कापतात का, आणि मागच्या वर्षी किती जण आजारी पडले होते, हे दोन प्रश्न विचारा. दुसऱ्या प्रश्नावर "आमच्याकडे कधीच कोणी आजारी पडत नाही" असे उत्तर मिळाले, तर थोडे थांबा. ज्येष्ठांविषयीच्या तक्रारी व माहितीसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

राहता राहिली ती खाट. तिला दोष लागलेला नाही. गादीला चार दिवस कडक ऊन दाखवा, लोखंडी चौकट साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा. लोखंडावर टीसीएल वारंवार लावू नका, गंजते. मात्र नव्या आजींना तिथे आणण्याआधी शेजारच्या खाटेवरील आजींना विचारा. सहा वर्षे त्या आणि गेलेल्या आजी एकमेकींच्या औषधांच्या वेळा सांभाळत होत्या असे तुम्ही लिहिले आहे. त्या म्हणाल्या की अजून थोडे दिवस रिकामी राहू दे, तर राहू द्या.